वेस, दिंडी आणि राऊटर

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहायक शिक्षक, बी. ए., बी. एड.





माझ्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतली काही मुले हसली. त्यांचे हसणे रास्त आहे. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा मनुष्य. राऊटर नावाच्या पेटीविषयी बोलण्याचा अधिकार एखाद्या इंजिनिअरचा. परंतु ही पेटी आता आपल्या बैठकीत भिंतीला टांगलेली आहे, तिचे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात, आणि तिच्यातून घरात काय येते-जाते हे घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक नसते. म्हणून चार गोष्टी स्वतः शिकलो, चुकलो, पुन्हा शिकलो. त्याच आपल्यापुढे मांडतो.

आरंभी माझी एक चूक कबूल करतो. ती कबूल केल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पालकसभेत मी मोठ्या आवेशाने बोललो होतो. शाळा नुकत्याच पूर्ववत सुरू झाल्या होत्या. वर्गात मुलांचे लक्ष लागत नव्हते, डोळे तारवटलेले असत, गृहपाठ कोरा येई. मी म्हणालो, "मोबाइल काढून घ्या. इंटरनेट बंद करा. दहावीचे वर्ष आहे, दया दाखवू नका." टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

त्या सभेत एक पालक बसले होते. जिनिंगमध्ये पाळीवर काम करणारे, मितभाषी गृहस्थ. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. मुलीच्या हातचा फोन कपाटात गेला आणि घरचे वायफाय बंद झाले. तिच्या धाकट्या भावाचा फोन मात्र राहिला, कारण "लडका है, बाहर जाता है." मुलगी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. तंत्रनिकेतनात पदविकेसाठी तिचा अर्ज आम्हीच भरून दिला होता. पहिल्याच फेरीत तिला जागा मिळाली. तो संदेश तिच्या फोनवर आला आणि फोन कपाटात होता. ठरलेल्या मुदतीत जागा स्वीकारावी लागते. मैत्रिणीकडून तिला कळले तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते.

मी त्यांच्या घरी गेलो. वडील दारातच उभे होते. आवाज न चढविता ते एवढेच म्हणाले, "सर, आपनेच तो बोला था, मोबाइल छीन लो करके."

या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. मुलगी पुढे कला शाखेत गेली. शिकते आहे, ही समाधानाची बाब. पण जी वाट तिने निवडली होती ती माझ्या एका टाळीच्या वाक्याने बंद झाली. तेव्हापासून मी "बंद करा" हा शब्द जपून वापरतो.

फोन दिला कोणी?

मुलांना दोष देण्यापूर्वी आपण आठवून पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षकांनीच गट तयार करून सांगितले की अभ्यास मोबाइलवर येईल. ज्यांच्या घरी साधा फोन होता त्यांनी उसनवारी करून मोठा फोन घेतला. म्हणजे फोन मुलाने चोरून आणला नाही. शाळेने मागविला आणि बापाने विकत घेतला. शाळा उघडल्या, तरी फोन परत गेला नाही.

'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना याविषयी विचारले गेले. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी मागील आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. या आकड्यांचा अर्थ मी असा लावतो की करमणूक जास्त आहे हे खरे, पण निम्म्याहून अधिक मुले त्याच फोनवर अभ्यासही करतात. सरसकट फोन हिरावला तर तणाबरोबर पीकही उपटले जाते.

वडगावचा भोंगा

आपल्या महाराष्ट्रातील दोन गावांची उदाहरणे येथे पाहण्यासारखी आहेत.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू झाली. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडायचे, मोठ्यांनी आपापसांत बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि ज्याला जे पाहायचे ते तो पाहतो. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला आणि गावाने, विशेषतः स्त्रियांनी, तो उचलून धरला.

दुसरे गाव आपल्याच अमरावती विभागातले. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला.

दोन्ही गावांची तळमळ सारखी आहे. मार्ग मात्र भिन्न. बांशीने वयाची रेघ ओढली, वडगावने वेळेची. मला वडगावचा मार्ग अधिक रुचतो, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की तो दीड तास सर्वांसाठी आहे. बाप मालिका पाहतो आणि मुलाला म्हणतो 'तू वाच', असे तेथे चालत नाही. दुसरे असे की भोंगा जसा बंद करावयास वाजतो तसा उघडावयासही वाजतो. मुलाला ठाऊक असते की बंदी संपणार आहे, म्हणून तो ती पाळतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मोहल्ल्यात भोंगा कोण बसवील? बंधूंनो, भोंगा तुमच्या घरात अगोदरच बसविलेला आहे. त्याचेच नाव राऊटर.

राऊटर म्हणजे घराची वेस

आपल्या वऱ्हाडातील जुन्या गावांना वेस असे. गावात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक बैलगाडी वेशीतूनच जाई. राऊटरचे काम असेच आहे. खांबावरून आलेली तार या पेटीत शिरते. घरातील प्रत्येक फोन, टीव्ही, संगणक आपली मागणी या पेटीकडे पाठवितो. पेटी ती बाहेर नेते आणि उत्तर ज्याचे त्याला आणून देते. त्यासाठी ती घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देते आणि त्यांची यादी बाळगते. म्हणजे पहारेकऱ्याची वही तिच्याजवळ आहेच. आपण ती कधी उघडून पाहिलेली नाही, इतकेच.

ती कशी उघडावी? पेटी उलटी करा. खाली एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा, सोबत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता इंग्रजी अंकांत टाइप केला की पेटीचे पान उघडते. काही कंपन्यांचे यासाठी स्वतंत्र ॲप असते. जमत नसेल तर तार जोडून देणाऱ्या मुलालाच बोलवा आणि आपल्यासमोर उघडावयास सांगा. लाजण्याचे कारण नाही. महिन्याचे पैसे आपण देतो.

आता क्रमाने पाच कामे सांगतो.

पहिले काम पासवर्डाचे. येथे पासवर्ड दोन असतात आणि बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. एक वायफाय जोडण्याचा. तो घरात सर्वांना ठाऊक असतो. दुसरा पेटीच्या आतील व्यवस्था बदलण्याचा. हा दुसरा पुष्कळ घरी कारखान्यातून आला तसाच, चिठ्ठीवर छापलेला राहतो. तो प्रथम बदला आणि वहीत लिहून ठेवा. वेशीची किल्ली वेशीलाच टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

दुसरे काम यादीचे. जोडलेल्या यंत्रांची यादी पाहा. प्रत्येकाला ओळखीचे नाव द्या: 'अब्बांचा फोन', 'अम्मीचा फोन', 'थोरल्याचा फोन', 'टीव्ही'. माझ्या घरी यंत्रे पाच आणि यादीत नावे नऊ निघाली. शेजारची चार मुले आमच्याच ओट्यावर बसून आमचेच वायफाय वापरीत होती. मी त्यांना रागावलो नाही, पासवर्ड तेवढा बदलला.

तिसरे काम वेळेचे. 'पॅरेंटल कंट्रोल', 'ॲक्सेस कंट्रोल' किंवा 'शेड्यूल' अशा नावाचा एक भाग पेटीत बहुधा असतो. तेथे कोणत्या यंत्राला किती वाजेपासून किती वाजेपर्यंत इंटरनेट मिळावे हे ठरविता येते. मगरिबनंतरचा अभ्यासाचा एक तास आणि रात्री दहा ते पहाटे पाच एवढी वेळ मुलांच्या यंत्रांना बंद ठेवली तरी पुष्कळ साधते. विशेषतः रात्रीची. मुलांचे सर्वांत मोठे नुकसान झोपेचे होते आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण त्या वेळी आपण झोपलेले असतो.

येथे माझी एक फजिती सांगतो. मी मोठ्या अभिमानाने दहा ते पाच अशी वेळ लावली. तरी मुलगा सकाळी जांभया देई आणि आमच्या घरचे वायफाय सकाळी, ऐन माझ्या घाईच्या वेळी, बंद असे. आठ दिवस मी तार जोडणाऱ्या मुलावर रागावलो. शेवटी उलगडा झाला. पेटीतले घड्याळ भारताच्या वेळेवर नव्हतेच; ते ग्रिनिचच्या वेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे चालत होते. परिणामी वेस रात्री दहाला बंद न होता पहाटे साडेतीनला बंद होई आणि सकाळी साडेदहाला उघडे. मुलाला हे पहिल्याच दिवशी कळले होते. तो बोलला नाही! म्हणून वेळ लावण्यापूर्वी पेटीचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे ना, हे पाहा. वीज जाऊन आली तरी एकदा पाहा.

चौथे काम गाळणीचे. कोणतेही संकेतस्थळ उघडताना फोन प्रथम एका निर्देशिकेला विचारतो की या नावाचा पत्ता काय. या निर्देशिकेला डीएनएस म्हणतात. काही निर्देशिका अशा आहेत की अश्लील आणि घातक म्हणून ज्ञात असलेल्या स्थळांचा पत्ता त्या सांगतच नाहीत. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये अशी कुटुंबांसाठीची निर्देशिका विनामूल्य सुरू केली; तिचे क्रमांक १.१.१.३ आणि १.०.०.३ असे आहेत. राऊटरच्या डीएनएसच्या रकान्यात ते भरले की घरच्या वायफायवरील सर्व यंत्रांना ही गाळणी लागते. मात्र तिची मर्यादा ओळखा. ती अख्खे दुकान बंद करू शकते, दुकानातील एक वस्तू लपवू शकत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांच्या आत काय दिसते यावर तिचा ताबा नाही.

पाचवे काम थोडे किचकट आहे. अलीकडचे फोन आपला मूळ ओळख-क्रमांक लपवून वायफायला दुसराच क्रमांक सांगतात. परक्या ठिकाणी ही सोय चांगली आहे, परंतु घरी त्यामुळे नेमाचे गणित चुकू शकते. मुलाच्या फोनमध्ये घरच्या वायफायच्या माहितीत जाऊन 'यंत्राचा मूळ क्रमांक वापरा' असा पर्याय निवडावा. हे काम मुलाकडूनच करून घ्यावे, आपल्यासमोर, समजावून.

ज्यांच्या घरी राऊटर नाही

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून तार आलेली नाही. घाटावर असो की घाटाखाली, पुष्कळ घरांत एकच फोन आणि त्यातला रोजचा डेटा हेच इंटरनेट आहे. त्यांनी वरचे सारे व्यर्थ समजू नये. हॉटस्पॉट लावलेला तुमचा फोन हाही एक लहानसा राऊटरच आहे.

माझी सूचना अशी. मुलाला फोन द्यायचाच असेल तर जुना, सिमकार्ड नसलेला फोन द्या. त्याला इंटरनेट मिळेल ते घरच्या वायफायमधून किंवा अब्बा-अम्मीच्या हॉटस्पॉटमधून. म्हणजे वेस एकच राहते. मुलाच्या फोनमध्ये स्वतंत्र सिम आणि रोजचा डेटा असेल, तर भिंतीवरची पेटी कितीही बंद करा, कुंपणाला भगदाड तसेच राहील. अशा फोनसाठी गूगलचे 'फॅमिली लिंक' हे विनामूल्य ॲप आहे. त्यात वेळेची मर्यादा आणि कोणते ॲप घ्यावे याची परवानगी पालकांच्या फोनवरून देता येते.

दिंडी उघडी ठेवा

आता माझ्या भाषणाच्या गाभ्याशी येतो.

सिंदखेड राजाला सहलीला गेलेल्यांनी लखुजी जाधवांच्या वाड्याचा भव्य दरवाजा पाहिला असेल. जुन्या काळच्या अशा मोठ्या दरवाजांना पुष्कळदा एक लहान दार ठेवीत. त्याला दिंडी म्हणतात. रात्री मोठा दरवाजा बंद झाला तरी अडल्या-नडल्यासाठी दिंडीतून वाट असे. ज्या दरवाजाला दिंडी नाही तो आतल्या माणसाला कोंडतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरी दिंडी नव्हती. आणि ती ठेवा असे मी सांगितले नव्हते.

म्हणून प्रत्येक घरात एक फोन असा असावा की ज्याला वेळेचा कोणताही नेम नाही. तो अम्मीच्या किंवा दादीच्या ताब्यात, बैठकीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत राहील. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचे वेळापत्रक, शाळेचा गट, या सर्वांसाठी त्याच फोनचा क्रमांक द्यावा. मुलगा असो वा मुलगी, अभ्यासासाठी केव्हाही मागितला तर तो मिळालाच पाहिजे, आणि तो मागताना मान खाली घालण्याची वेळ येऊ नये.

मुलींविषयी दोन शब्द स्पष्ट बोलतो. पुष्कळ घरी मुलाची चूक मुलाची असते आणि मुलीवरचा नुसता संशयही साऱ्या घराचा होतो. मग सर्वांत सोपा उपाय म्हणून तिचा फोन जातो, मागोमाग शिकवणी आणि अखेर शाळाही. केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत फोन वापरण्यास मनाई होती. बी. ए. ला शिकणाऱ्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने हा नियम मानला नाही, तेव्हा तिला वसतिगृह सोडावे लागले. ती न्यायालयात गेली. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात पुन्हा घेण्याचा आदेश दिला.

या निर्णयाचा अर्थ घरात नियमच नसावेत असा नाही. ती विद्यार्थिनी सज्ञान होती; आपली मुले लहान आहेत. पण अभ्यासाच्या वेळी अभ्यासाचे साधनच काढून घेणे हा शिस्तीचा उपाय नव्हे, एवढे त्यातून घ्यावे. राऊटरमध्ये जी वेळ मुलीच्या फोनला लावाल तीच मुलाच्या फोनला लावा. पेटीला मुलगा-मुलगी कळत नाही. या एका बाबतीत ती आपल्यापेक्षा न्यायी आहे.

जे पेटीला जमत नाही

कायदे आता होऊ लागले आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्या देशात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली उजेड दिसला तर तेथे कायदा येऊन बसत नाही. बसावे लागते आई-बापालाच.

आणि पेटीही तेथे अपुरी पडते. मागच्या रांगेतले माझे मित्र मघाशी का हसले ते मला ठाऊक आहे. मित्राचा हॉटस्पॉट घेता येतो. व्हीपीएन लावता येते. पेटीच्या मागच्या बारीक छिद्रात काडी घालून तिच्या साऱ्या व्यवस्था पुसून टाकता येतात. मुलांनो, तुम्ही आमच्यापेक्षा हुशार आहात हे मी आजच मान्य करून टाकतो, म्हणजे ते सिद्ध करण्यासाठी तुम्हाला रात्री जागावयास नको!

म्हणूनच हे काम चोरून करू नये. पालकांनी एक दिवस जेवणानंतर सर्वांना घेऊन बसावे, पेटीचे पान सर्वांसमोर उघडावे आणि वेळ ठरवावी. मुलांचे म्हणणे ऐकावे. परीक्षेत वेळ कमी, सुटीत जास्त. रमजानमध्ये सहरीचा विचार करून वेगळी. ईदच्या दिवशी मोकळीक. आणि त्या एका तासात अब्बांचा फोनही बाजूला. माझ्या घरी याच अटीवर मुलाने सही केली. पहिल्या आठवड्यात नियम मोडला तो त्याने नव्हे, मी मोडला. आणि त्याने तो मला दाखवून दिला. त्या दिवसापासून आमच्या घरी नियमाला किंमत आली.

अगदी लहान मुलांसाठी मात्र एवढी चर्चा नको. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे की दोन वर्षांखालील बालकाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सोबतीने दिवसातून तासापेक्षा अधिक नाही. घास भरविताना हातात फोन देण्याची सवय आपल्या घरांत पसरत आहे. माताभगिनींना माझी विनंती आहे की तेथे गोष्ट सांगा. गोष्ट सांगणाऱ्या दाद्या-नान्या अजून आपल्या घरांत आहेत.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा वेस, गाळणी, नेम सर्व असूनही मुलाला किंवा मुलीला कोणी फसविले, फोटो मागितला, धमकी दिली. अशा वेळी मूल प्रथम कोणाकडे जाईल? ते तुमच्याकडे आले पाहिजे. आणि ते येईल तेव्हाच, जेव्हा त्याला खात्री असेल की पहिला शब्द "तू फोन घेतलासच का?" असा असणार नाही. मुलाने सांगितले तर त्याला जवळ घ्या. संदेश पुसू नका. तो पुरावा आहे. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवा. मूल संकटात असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि तो इंटरनेटवरून केलेल्या छळालाही लागू होतो. लाज गुन्हेगाराने बाळगावी, आपल्या लेकराने नव्हे.

पालक बंधु-भगिनींनो, मी येथून उतरल्यावर आपण घरी जाल तेव्हा भिंतीवरची ती पेटी एकदा उलटी करून पाहा. तिच्यावरची चिठ्ठी वाचा. आज एवढेच करा. उद्या मुलाला जवळ बसवून तिचे पान उघडा; अडले तर त्यालाच विचारा. त्याला तुम्हाला काहीतरी शिकविल्याचा आनंद होईल, आणि वेळ ठरविताना तो तुमच्या बाजूला बसलेला असेल.

मी त्या जिनिंगमधल्या पालकांना आजच्या मेळाव्याचे आमंत्रण स्वतः जाऊन दिले होते. ते आले आहेत. त्यांची मुलगीही आली आहे. सांगण्यास संतोष वाटतो की गेल्या महिन्यात त्यांच्या घरी तार आली आणि पेटीतील वेळा त्या मुलीनेच लावल्या. स्वतःच्या, भावाच्या आणि अब्बांच्याही. बैठकीतला एक फोन तिने मोकळा ठेवला आहे. मी मघाशी ज्याला दिंडी म्हणालो तो विचार माझा नाही. तो तिच्या घरी पाहून मी आलो आणि येथे सांगितला.

तिची गेलेली जागा मला परत देता येत नाही. तिच्यामागून येणाऱ्या एकाही मुलीची जागा कपाटातल्या फोनपायी जाऊ नये, एवढी हमी मात्र आपण सर्वांनी मिळून द्यावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.